सर्वांत मोठा ठिपका

प्रिय चिंगे,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला वाटेल, दादाचं डोकं ठिकाणावर आहे ना. आहे. फोन ऑफिसचा, मेल ऑफिसचा, म्हणून कागद. आईचा गुडघा आता बरा आहे. जिना उतरते, शेजारणीशी भांडते, म्हणजे प्रकृती उत्तम. परवा तिने विचारलं, तू दिवसभर नेमकं करतोस तरी काय? मी तिला कागदावर चार चौकोन काढून दाखवले. म्हणाली, फुली-गोळाच खेळायचा होता तर एवढा शिकलास कशाला.

तुलाही कधी नीट सांगितलं नाही. आज सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या कंपनीचे जेवढे व्हिडिओ गेम आहेत, तेवढे मी ठिपके करून त्या चौकोनांत बसवतो. बघायचं एवढंच, की त्या तऱ्हेच्या गेमचा बाजार वाढतोय का, आणि त्यात आपला वाटा किती. बाजार वाढतोय आणि वाटाही मोठा, तो तारा. बाजार थंडावलाय पण वाटा मोठा, ती दुभती गाय. आमचा मोटारींच्या शर्यतीचा जुना गेम तसा आहे. अख्खी इमारत त्याच्यावर चालते, म्हणून त्याच्या टीमच्या लाथाही सगळे गोड मानून घेतात. बाजारही नाही आणि वाटाही नाही, तो कुत्रा. आणि बाजार धावतोय पण आपण मागे पडलोय, ते प्रश्नचिन्ह. यात एक मेख आहे. वाटा मोजायचा तो सगळ्यांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी ताडून. म्हणजे आपण जागचे हललो नाही आणि तो लहान झाला, तरी कागदावर आपण मोठे होतो.

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ बसतात. आधी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी एकट्याने केलेला कोड्यांचा गेम घरोघरी खेळला जायचा. गेल्या वर्षी कंपनीने तो त्यांच्यासकट विकत घेतला. मोठी खिडकी असलेली खोली दिली, दारावर हुद्दा लावला. त्यांनी मदतीला माणसं मागितली, तर पुढच्या तिमाहीत बघू म्हणाले. मग त्यांचा गेम दुरुस्तीसाठी म्हणून फोनवरच्या ॲपच्या दुकानातून काढला. कॅन्टीनमध्ये त्यांनी मला हळूच विचारलं, अहो, तुम्ही आतले, ही दुरुस्ती संपते कधी? मी म्हणालो, चौकशी करतो. चौकशी करायची गरजच नव्हती. आमचा स्वतःचा कोड्यांचा गेम त्याच महिन्यात प्रश्नचिन्हाच्या चौकोनातून उडी मारून ताऱ्यांत गेला होता, आणि त्यात कुणी एक ओळसुद्धा नवी लिहिलेली नव्हती.

मास्तरांच्या करारात आहे, की दहा वर्षं असा दुसरा गेम करायचा नाही. ते अजून रोज येतात. मागच्या आठवड्यात जेवायला बोलवायला मी त्यांचं दार उघडलं, तर टेबलावरचा संगणकही नेलेला. दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, आणि कुणी विचारलं तर सांगा, मी कामात आहे.

तुझा नावाड्याचा गेम मी अजून खेळतो, घरी आलो की बूट काढायच्या आधी. धुक्यातून होडी न्यायची, उतारू काय बोलतात ते ऐकायचं. ना गुण, ना घड्याळ. शाळेत तू वह्यांच्या समासात होड्या काढायचीस आणि मार मला बसायचा, कारण तू बेधडक सांगायचीस की दादाने काढल्या. तुझ्या त्या दोन खोल्यांत, चार पोरींना हाताशी धरून, तू एवढं उभं केलंस. मी तोंडावर कधी बोललो नाही, पण अभिमान वाटतो.

आता मुद्द्याचं. शांत गेमचा बाजार सध्या सगळ्यांत जोरात वाढतोय. लोक दमलेत. आमच्याही कंपनीने एक शांत गेम काढला, तो प्रश्नचिन्हात पडून आहे. मंगळवारी आमच्या संचालिकाबाईंनी मला बोलावलं. बाई कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, वर जायला दोन रस्ते असतात, आपण मोठं व्हायचं, नाहीतर मोठ्याला बाजूला करायचं. दुसरा स्वस्त पडतो. मग त्यांनी मीच काढलेल्या प्रतिस्पर्ध्यांच्या तक्त्यावरच्या सर्वांत मोठ्या ठिपक्यावर, म्हणजे तुझ्या नावाड्यावर, पेन टेकवलं आणि विचारलं, ही तुमची सख्खी बहीण ना? चिंगे, ऑफिसात मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, मग बरंच झालं, घरचंच माणूस.

येत्या सोमवारी तुझ्याकडे तिघं येतील. एक वकील असेल, एक गोड बोलणारा तरुण असेल, आणि तिसरा मी. नाही म्हणालो असतो तर त्यांनी दुसरा कुणी पाठवला असता आणि तुला हे कळलंच नसतं. करार चांगला असेल, आकडा बघून तुझ्या पोरी रडतील. मी तुझ्या पाठीवर हात ठेवीन. सही कर म्हणेन, आईची शपथसुद्धा घालेन. आणि ते नाटक वाटणार नाही, कारण लोकांना पटवायचंच काम मी इतकी वर्षं करतोय, आणि बोलता बोलता मला स्वतःलाही पटत जातं. त्या दिवशी माझा शब्द मानू नकोस. तुझा दादा या कागदावर आहे. सोमवारी जो येईल त्याला चहा दे, आणि नाही म्हण.

तुझाच,
दादा