चिखलात उभं करून

अल्बनी, ऑकलंड
१३ जुलै २०२५

सौ. विभावरी यांस,
स.न.वि.वि.

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडेन. म्हणून लिहून त्याचा फोटो पाठवतो.

काल आपली वल्लरी आणि जावई समीर मला वाइपूकडे घेऊन गेले. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव. तिथली टेकडी पर्वतीहूनही बुटकी, पण पोटभर पाणी प्यायलेली. गवत समजून पाय ठेवावा तर घोट्यापर्यंत आत. मी समीरचे गमबूट घालून, मेंढ्यांना वाट पुसत हौसेनं चढत होतो. मला वाटलं, दोन ऑगस्टला मी पुण्याला परतणार, म्हणून ही निरोपाची सहल. माथा वीस पावलांवर असताना डावा बूट रुतला. नात इरा इंग्रजीतून ओरडली की आजोबा, हलू नका, आणखी आत जाल. तेवढ्यात वल्लरीनं सांगून टाकलं, की माझं तिकीट जानेवारीवर ढकललंय. आईनंच ढकलायला सांगितलं, म्हणाली.

विभा, जन्मभर कामगारांना बजावत आलो, की वाचल्याशिवाय सही करू नका. व्हिसा वाढवण्याच्या अर्जावर मी न वाचता सही केली, कारण कागद लेकीनं पुढे केला होता. एकाही मालकाला मला असं फसवता आलं नाही. त्यांची तेवढी पोहोचच नव्हती.

समीरनं मला ओढून काढलं. बूट तिथेच राहिला. मी मोज्यावर खाली आलो. माझ्याच घरी यायला मला बंदी का, एवढं कळवावे.

आपला (आपुलकी गृहीत धरू नये),
प्रकाश


पुणे
१५ जुलै

प्रिय अहो,
सा.न.वि.वि.

'स.न.वि.वि.' तुम्ही महापालिकेला लिहिता. मला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच लिहिलंत. बूट गेला तर जाऊ दे, पाय राहिला. मोजे बदललेत ना?

बंदी मी केली. वल्लरी तुम्हाला घरातच सांगणार होती, पण घरात तुम्ही कोणाला वाक्य पुरं करू देत नाही. तुमचा पाय रुतला आणि बिचारीला संधी मिळाली.

सतरा ऑगस्टला सोसायटीची निवडणूक आहे. मी अध्यक्षपदाला उभी आहे. मागच्या वेळचं आठवा. तेव्हाही मीच उभी होते. तुम्ही दोन मिनिटं माझी ओळख करून द्यायला उठलात आणि स्त्रियांनी पुढे यावं या विषयावर पाऊण तास बोललात. टाळ्या पडल्या. लोकांनी तुम्हालाच निवडलं आणि तुम्ही हार घालून घेतलात. माझं भाषण माझ्या हातात घडी केलेलंच राहिलं. घरी आल्यावर वर म्हणालात, की शेवटी पद आपल्याच घरात आलं ना!

परवा चिखलात तुम्हाला जे वाटलं, ते मला त्या दिवशी खुर्चीत बसून वाटलं होतं.

जानेवारी अशासाठी, की निवडून आले तर पहिल्या काही सभा मला एकटीनं चालवायच्यात.

राग असू द्या, पण दोन वेळा नीट जेवा, एवढी विनंती.

तुमचीच,
विभावरी


अल्बनी
२० जुलै

प्रिय विभा,
नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा फक्त उत्तरं सुचत होती.

मला न सांगता इथे अडकवलंस, ते मी माफ केलेलं नाही. वल्लरीशी अजून बोललेलो नाही. इरा तेवढी माझ्याशी बोलते, कारण तिला काय झालंय ते माहीतच नाही. पण चाळीस वर्षं मी व्यासपीठांवरून बायकांना बोला, बोला म्हणून सांगितलं आणि माझ्याच बायकोला बोलायला मध्ये समुद्र घालावा लागला. याबद्दल कोणावर चिडायचं, ते मला कळत नाही. चिडलोय मात्र पुरता.

तुझ्या भाषणासाठी सात मुद्दे काढले होते. पाठवत नाही.

'आधी सांगितलं असतंस, तर मी पुण्यात असूनही त्या सभेत गप्प बसलो असतो' असं एक वाक्य वर लिहिलं होतं. ते खोडलं. खरं नव्हतं.

लोभ आहे. सतरा तारखेपर्यंत तो लांबूनच असू दे.

प्रकाश