मागच्या दाराची कडी

झाशी, मंगळवार, दिवेलागण

मागच्या दाराची कडी लावू की नको? माकडं शिरतात म्हणून आईच लावायची.

ती गेल्यापासून बाबा माझ्या संगणकावरच्या रेणूंच्या सिम्युलेशनसमोर बसतात. आज धनभाराच्या रेणूची लांब साखळी ऋणभाराच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटली होती. मी पाण्यात मीठ वाढवलं तशी ती सुटली, तरंगत पडद्यावरच्या चौकटीच्या, म्हणजे पेटीच्या, डाव्या कडेतून बाहेर गेली आणि लगेच उजवीकडून आत आली.

"अगं, ही तर वापस आली!"

"पेटीचा नियमच तसा आहे, बाबा. इकडून गेलेलं तिकडून येतं."

कशाला बोलले मी? ते उठून आत गेले. आत्ता पाहते तर मागची कडी त्यांनी काढून ठेवलेली.

आईला पुढच्या दारातून नेलं होतं.

राहू दे. नाही लावत.