अक्षरं कुणाची?

बाबा, अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या त्या हिवाळ्याबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुम्हाला जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. मंदीत माझी सॉफ्टवेअरची नोकरी गेली आणि दुसरी शोधायचं सोडून मी विद्यापीठात जुन्या लिप्या शिकायला बसले. आई फोनवर म्हणाली, "आता या वयात बाराखडी?" मी म्हटलं, "हो, आणि तीही दुसऱ्यांची!"

पुढच्या वर्षी गावातल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मला प्राचीन हिब्रू अक्षरांवर बोलायला बोलावलं. बाहेर बर्फ, आत कॉफी आणि पांढऱ्या केसांची माणसं. मी फळ्यावर इंग्रजी ए काढला, मग तोच उलटा काढला. वर दोन शिंगं, खाली निमुळतं तोंड. "हा बैल. हिब्रूत आलेफ, ग्रीकांकडे गेला आणि आल्फा झाला." लोक खूश झाले. पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. "म्हणजे जगाला अक्षरं आम्हीच दिली ना?" हो म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण मला आपलं नागपूरचं स्वयंपाकघर दिसतं. शेजारच्या मुलीच्या हातून मी पाटी हिसकावून घेतेय आणि तुम्ही, कधी आवाज न चढवणारे, ओरडताय, "पाटी तुझी आहे, अक्षरं नाहीत! तुझ्या पणजोबांना कुणी पाटीला हात लावू दिला नव्हता."

"नाही," मी आजोबांना म्हणाले. "सुरुवात त्याही आधीची. सिनाईच्या वाळवंटातल्या खाणींवर राबणाऱ्या, हिब्रूच्या जवळची भाषा बोलणाऱ्या लोकांनी ती केली असावी. इजिप्तची चित्रं बघून त्यांनी आपल्या उच्चारांसाठी खुणा ठरवल्या. तुमची लिपी त्याच घराण्यातली. तुमच्या लोकांनी ती जपली, हे काय कमी आहे?" आजोबा उभेच. "माझ्या वडिलांनी तुला हाकलून दिलं असतं," ते म्हणाले आणि हसले. मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी पाठ थोपटली असती." माझा आवाज जराही कापला नाही.

निघताना त्यांनी कागदी नॅपकिन पुढे केला. "वडिलांना काय म्हणायचीस, ते त्या जुन्या लिपीत लिही." त्या लिपीत स्वर लिहायचे नसतात, म्हणून 'बाबा'चे नुसते दोन ब. त्या अक्षराचं नाव बेथ, म्हणजे घर. शेजारी शेजारी दोन घरं झाली. "आता वाच," ते म्हणाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही गेल्यापासून तो शब्द मी मोठ्याने उच्चारलाच नव्हता. त्या दिवशी दोनदा वाचावा लागला; पहिल्यांदा त्यांना ऐकूच गेला नाही.