माळव्याकडचा वारा

११ जून २०१६
जबलपूरला पोचले. मदन महलला स्टेशनजवळच खोली मिळाली. घरमालकीण कलावतीबाई मूळच्या वर्ध्याकडच्या. आल्या आल्या झुणका-भाकर वाढली. विजेच्या कंट्रोल रूममधली नोकरी! दूर माळव्यातल्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. वारा चढला की वीज भरभरून येते, पडला की एकदम गायब. तेवढी वीज मग धरणातून, कोळशातून कमी-जास्त करायची. वरिष्ठ गुणवंतराव हसून म्हणाले, "प्रतिमाबाई, वारा काही आपला नोकर नाही. आपणच त्याचे."

१५ जून
दुपारी वारा चढला. भिंतीवरच्या पडद्यावर विजेचे आकडे वाढले तसा एसीच्या जाळीतून वास यायला लागला, मेलेल्या जनावराचा. उंदीर असेल, गुणवंतराव म्हणाले. वारा पडला, वासही गेला.

१८ जून
जाळी उघडून पुसली. उंदीर नाही. फडक्याला पिवळट चिकटा लागला. हात साबणानं घासघासून धुतले, तरी वरणभात कालवताना बोटांना तोच वास. ओकले.

२३ जून
गुणवंतरावांना त्या वासाचं सरळच विचारलं. ते जेवता जेवता सांगून राहिले होते. मागच्या पावसाळ्यात तुळशीराम नावाचा मेकॅनिक एका पवनचक्कीच्या माथ्यावर, मशीनच्या खोलीत चढला तो उतरलाच नाही. शोधायला चक्की बंद करू द्या, म्हणून तिथल्या लोकांनी कंट्रोल रूमला फोन करून विनवलं. वारा चांगला होता, विजेची मागणीही मोठी. गुणवंतरावांनीच सांगितलं, उद्या पाहू. रोजच उद्या. आठवडाभर चक्की फिरत राहिली आणि वर तो सडत राहिला. "खरवडून काढावा लागला म्हणतात," म्हणाले, अन् बोटाचं लोणचं चाटलं.

२७ जून
त्याच चक्कीवरून फोन. "मॅडमजी, मैं ऊपर ही हूँ. मशीन बंद करवा दो." वारा तुफान, वासानं डोळ्यांत पाणी. एका चक्कीनं काही अडलं नसतं. पण गुणवंतरावांनी नकारार्थी मान हलवली — आणि मी म्हणाले, थोडा रुकिए, भैया.
मी म्हणाले. शी.

२८ जून
तिथल्या मेकॅनिकला, बंडूला, फोन करून विचारलं. काल वर कुणीच चढलं नव्हतं. वरचा फोन तर तुळशीराम गेल्यापासून तोडलेलाच —

२९ जून
वारा नाही. तरी वास. कलावतीबाई नाकाला पदर लावून बोलतात. काहून, विचारलं. म्हणाल्या, पोरी, तुझ्या तोंडाचाच —

३० जून
फोन. "और कितना रुकूँ?"
बंद करते, आत्ताच बंद — म्हणायला तोंड उघडलं — जिभेखाली काहीतरी वळवळ—