ऑर्गनचा स्वर चढतोय

सोमवार, ३ मार्च

ऑर्गनसोबत पहिली तालीम. शनिवारचा कार्यक्रम सगळा फ्रेंच संगीताचा, शेवटच्या रचनेत वाद्यवृंदाबरोबर ऑर्गन. एरवी मी ओबो फुंकून स्वर देतो आणि बाकीचे त्यावर वाद्यं जुळवतात. बावीस वर्षं! ऑर्गन असला की तो मान त्याचा, कारण त्याच्या हजारो नळ्या ऐनवेळी जुळवता येत नाहीत. ठीक. पण आज त्याचा स्वर चढा होता. आणि संचालक बघत होते माझ्याकडे!

मंगळवार, ४ मार्च

पुन्हा चढा. ऑर्गनवाला नवा आहे, फार हसतो. माझ्या शेजारचा दुसरा ओबोवाला त्याचा सख्खा मेहुणा. मी बेसूर ठरलो तर माझी खुर्ची कोणाला मिळेल, हे काय सांगायला हवं?

बुधवार, ५ मार्च

ऑर्गनची देखभाल करणाऱ्या मिस्त्रींना गाठलं. "तो काय पाण्याचा नळ आहे, फिरवला की चढला? हां, हॉल तापला तर चढतो थोडा."

तापला तर! हीटरची किल्ली कोणाकडे? ऑर्गनवाल्याकडे!

घरी भिंतीवरचं थर्मामीटर काढायला लागलो. ही म्हणाली, "का हो, ऑर्गनला ताप आलाय? की तुम्हाला?"

गुरुवार, ६ मार्च

थर्मामीटर नळ्यांमागे लपवलं. सकाळी वीस अंश. दुपारी वीस. स्वर मात्र चढाच. म्हणजे त्यांना सुगावा लागला, थर्मामीटरशी खेळ केला. मेहुणा हळूच विचारतो, "दादा, तब्येत बरी आहे ना?" केसाने गळा कापणारी जात!

शुक्रवार, ७ मार्च

सगळ्यांदेखत बोललो. "हीटर कोण वाढवतं, कशासाठी वाढवतं, मला कळतं!"

ऑर्गनवाला पहिल्यांदाच हसला नाही. मेहुण्याने खिशातून स्वर मोजायचं यंत्र काढलं. मी ते कधी वापरत नाही, माझ्या कानावर माझा भरवसा. ऑर्गन वाजला – काटा बरोबर मधोमध. मग मी फुंकलं. काटा डावीकडे, म्हणजे स्वर उतरलेला. ओबोच्या तोंडाची पात, रीड, बदलली. डावीकडे. कोणीतरी हसेल म्हणून वाट बघितली. कोणी हसलं नाही.

दुपारी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. पाऊण तास तपासलं. "वयानुसार कान असा फसवू लागतो. कधीपासून?" म्हणाले. मी म्हटलं, सोमवारपासून.

शनिवार, ८ मार्च

सकाळी मेहुणा घरी आला. चहा तसाच ठेवला. "दादा, सोमवारपासून नाही. वर्ष होत आलं. तुम्ही स्वर दिलात की आम्ही सगळे थोडे खाली उतरायचो. ठरवून नाही हो, एकेक करून."

ऐंशी माणसं! वर्षभर! ऑर्गनला तेवढं उतरता येत नाही.

पहिल्या खुर्चीत आज तो बसेल. संचालकांना मीच सांगून आलो.