झाकल्या मुठीची गिटार

टक्, टक्, टक्. गुरुजी टेबलावर फूटपट्टी आपटायचे आणि आमचा अख्खा वर्ग त्या ठेक्यावर कविता म्हणायचा. तो ठेका अजून कानांत आहे; हातांत मात्र कधी उतरला नाही. असा मी, निवृत्त बुकबाइंडर, डावी बाजू अर्धांगवायूने गेलेला पण डोके जागेवर असलेला (सौ.चे मत वेगळे आहे), उद्या हृदयाचे ऑपरेशन असल्याने, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक सौ.ला. माझा गिटारचा पहिला रियाज ऐकून ती म्हणाली, "अहो, हात गेलाय, निदान कान तरी शाबूत ठेवा. माझे!" तरी तिने स्वयंपाकघराचे दार कधी लावून घेतले नाही. हे उपकार घर देऊन फिटत नाहीत.

२. बांधणीची हत्यारे आणि शाळेतली कवितांची पुस्तके मुलीला. फक्त हाडाची पट्टी सोडून. त्या पट्टीने मी जन्मभर कागदाच्या घड्या घातल्या. आता माझी डावी मूठ उघडत नाही. तिच्यात ही पट्टी खोचतो, गिटार मांडीवर आडवी घेतो आणि तारा दाबतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी पहिल्याच सुराला उघडी पडते.

३. गिटार व पट्टी माझ्या गिटारच्या बाईंना. वयाने मुलीहून लहान, पण "काका, घाई कोणाला आहे?" असे आजीसारखे विचारतात. माझ्यासारखा एका हाताचा कोणी शिकायला आला, तर त्याला त्या द्याव्यात. जावयाने "शोकेसमध्ये छान दिसेल" म्हटलेले मी ऐकले आहे. तसे मुळीच होऊ नये.

४. खालच्या मजल्यावरचे काठीवाले. मी वाजवू लागलो की छताला काठी ठोकतात. त्यांना काहीही देऊ नये.

५. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मी तर भावनेच्या भरात सगळ्यांना वाटून बसलो! डॉक्टर समोर घड्याळ बघत बसले आहेत. दुसरा कोणी सापडेना. काहीच न मिळालेला माणूस जवळपास एकच. त्याच्यापुढे हात पसरायचा, तर मूठ उघडत नाही.

स्थळ: जेवणाचे टेबल
दिनांक: ऑपरेशनची आदली संध्याकाळ
सही: केली (उजव्या हाताने)
साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर
साक्षीदार दुसरे:

टक्, टक्, टक्. या वेळी जमिनीखालून नव्हे, दारावर. घडते तसे लिहितो. काठीवाले धापा टाकत उभे.

"अहो, तिसरी तार सुरातून उतरलीये! आठवडाभर ठोकून सांगतोय, ऐकू येत नाही का?"

सौ.ने त्यांच्यापुढे पेन धरले. "आधी बसा. इथे सही करा."

"कशावर?"

"तुम्हाला काही मिळणार नाही, त्यावर."