घर नावानिशी

मी, कडूबा फकिरा शिंगाडे, वय शहात्तर, पूर्वी मेंढरं राखली, नंतर मजुरी केली, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शाळा चौथीपर्यंतच, म्हणून अक्षर वाकडं आहे. पण हे मृत्युपत्र मीच लिहीत आहे. मोबाइलवर तयार केलेलं आधीचं रद्द समजावं.

१. कारण सांगतो. मुलगा सुदर्शन म्हणाला, "आबा, तुमी नुस्तं बोला, एआय लई भारी लिहितंय." मी बोललो, "घर आमच्या घरातल्यांना." मोबाइलनं लिहिलं, "सदर घर कुटुंबातील सर्व सदस्यांना समान वाट्याने मिळावे." भाषा एवढी वजनदार, की मला वाटलं बरोबरच असेल. सही करणारच होतो. बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "मंग माझ्या वाट्याला न्हाणी देता व्हय?"

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. घरातले म्हणजे तीच. मोबाइलला हे कसं कळणार? सुदर्शनला ठाऊक होतं, पण त्यानं वाचलंच नाही. त्याला घर विकून शहागंजात दुकान टाकायचं आहे. मग ती कुठं जाईल, या काळजीनं मला झोप नाही.

२. म्हणून पडेगावचं दोन खोल्यांचं घर, ओट्यासह, माझ्या स्वकष्टाचं, माझी पत्नी आवडाबाई हिला एकटीला द्यावं. पुन्हा लिहितो, आवडाबाई. विकायचा विषय तिच्याशिवाय कोणी काढू नये.

३. बँकेत उरेल तेही तिचंच. लोकर कातरायची कातर आणि घोंगडी मुलगी मोनिकाला. तिनं हट्टानं मागितली आहे.

४. मोटरसायकल सुदर्शनला. आई दवाखान्यात असताना त्यानं मला मेसेज धाडला, "आईंच्या प्रकृतीबाबत ऐकून मन व्यथित झाले." तिला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "ह्ये कोण वो?" माझ्यामागं त्यानं तिच्याशी तोंडानं बोलावं. अडखळला तरी चालेल. माझ्यावरचा शोकसंदेशही मोबाइलकडून लिहून घेऊ नये. "आबा गेले" एवढं पुरे.

वारसाची साक्ष चालत नाही, म्हणून बायकोला बाहेर ओट्यावर बसवलं आणि दोघा साक्षीदारांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं.

सहीआधी वाढवलेली ओळ: दुसरं कलम वाचताना ओट्यावरून आवाज आला, "ओ! काय म्हन्ता?" साक्षीदार रामहरी हसला. मी ते नाव तिसऱ्यांदा घेतलं. खाडाखोड नाही.

सही: कडूबा फकिरा शिंगाडे
साक्षीदार: १. रामहरी धोंडिबा गाढे २. बिभीषण इंद्रजीत काळे
ठिकाण: पडेगाव
दिनांक: १४ डिसेंबर २०२५